मामांचा डावा गुडघा

जगातल्या सगळ्या दुखण्यांचा राजा आपल्या डाव्या गुडघ्यात मुक्कामाला आहे, अशी माझ्या थोरल्या मामांची खात्री होती. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या सुमारास ते हवालदारकीची पेन्शन घेऊन विट्याजवळच्या आपल्या गावी परतले आणि सारं जग जर्मनांशी लढत असताना ते संधिवाताशी लढले. बिब्ब्याचे डाग देऊन झाले, एरंडाची पानं बांधून झाली, औंधच्या एका जाणत्यानं सांगितलं म्हणून पाय तापल्या वाळूत पुरून झाला. मधमाशी चावली की वात पळतो असं ऐकून एकदा ते धोतर वर खोचून मोहोळाखाली बसले. माश्यांनी गुडघा सोडून कान धरला, तरी "वात वर सरकलाय, म्हंजे निगाया लागलाय," असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं. नेमाचा उपचार मात्र एकच, निर्गुडीचा शेक. पाला मामींनी आणायचा, मामींनीच उकळायचा आणि फडकं पिळून गुडघ्यावर ठेवायचंही मामींनीच. मामा खाटेवरून पलटणीतल्यासारखे हुकूम सोडायचे.

मी सांगलीत मास्तर होतो, सुट्टीला त्यांच्याकडे जायचो. एकदा शेक संपल्यावर पाणी प्यायला आत गेलो, तर मामी त्या पातेल्यातल्या उरलेल्या गरम पाण्यात दोन्ही हात बुडवून डोळे मिटून बसल्या होत्या. बोटं पेरापेरांत सुजलेली. मला बघून ओशाळल्या. "ह्येंच्या गुडघ्यापायी माजं हात चालत्यात. बोलू नगंस कुटं. बाईच्या हातासाटी सरपण कोन जाळतंय?" मला त्याची गंमत वाटली. मी हसलो आणि गप्प बसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मग कुणीतरी मामांना पायात तांब्याचं कडं घालायला सांगितलं आणि गुडघा दुखायचा खरोखरच थांबला. ते गावभर कडं दाखवत फिरले. शेक बंद झाला. मामी रोज विचारायच्या, "आवं, आज दुखत न्हाई व्हय?" बायकोची माया बघून मामांना भरून यायचं. पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा भाकरी जाड आणि चिरफाळलेली होती. हिचं कामात ध्यान नाही, म्हणून मामा कुरकुरले. ध्यान होतं, बोटं मिटत नव्हती. जेवण झाल्यावर मी मामांना मळ्याकडे नेलं आणि सगळं सांगितलं. ते बांधावर टेकले.

"तुला कवापास्नं ठावं हाय?"

वर्षभर, मी म्हणालो.

"लय शिकलास," मामा म्हणाले.

त्या दिवशी ते घरात शिरले ते लंगडतच. कडं काढून कोपऱ्यात टाकलं, ते फसवं निघालं म्हणाले आणि पाणी ठेवायला सांगितलं. मामींनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. गडबडीत मामा उजवा पाय ओढत होते. मामींनी चुलीत सरपण सारलं. पाणी झालं, पण फडकं पिळायला त्यांची बोटं वळेनात. मामांनी ते त्यांच्या हातून काढून घेतलं.

"पानी लय कडक वाटतंय. हात घालून बघ. बघतच ऱ्हा."

ती बोटं पुन्हा नीट वळली नाहीत, उशीर झाला होता. मामी होत्या तोवर मामा मात्र रोज लंगडत राहिले, कधी या पायानं, कधी त्या.