म्हशीच्या दाव्याने बांधलेला टीव्ही

आमच्या धरणाकाठच्या गावात जमीन अधूनमधून हलते. मागच्या हादऱ्यात शेजारच्या काकूंचा टीव्ही पडून फुटला, तेव्हा आईने आमचा टीव्ही विकलेल्या म्हशीच्या दाव्याने कपाटाला करकचून बांधला. दिवाळीत मी गावी गेलो, तर टीव्ही कपाटाला बांधलेला, पण कपाट नुसतंच उभं. मोठ्या हुशारीने लोखंडी पट्ट्या आणल्या, ते भिंतीला ठोकून पक्कं केलं. आई बघत होती. भिंतीतल्या भेगेवरून बोट फिरवत म्हणाली, "आन् हे भिताड कुठं बांधशील रं?"

एक वस्तू दुसरीला बांधावी, दुसरी तिसरीला, आणि जिच्यावर हे सगळं उभं तीच हलणारी निघावी, याला काय म्हणायचं?

दुपारी मांडणीवरची भांडी वाजू लागली. "आई, बाहेर पळ!" मी ओरडलो. ती धावली, पण टीव्हीकडे. दोन्ही हातांनी त्याला कवटाळून उभी राहिली. मी ओढलं, तरी सोडीना. मग मीही तिलाच घट्ट धरून राहिलो.

भांडी वाजायची थांबली, जमीन थांबली. माझ्या हातांत आई मात्र अजून थरथरत होती.