लाल अक्षरं गेली तेव्हा

मला वास येत नाही. मोठ्या तापात गेला तो परत आलाच नाही. अकोल्याच्या घरात मी एकटी. त्यामुळे शेगडी पेटवण्याआधी शेजारणीला हाक मारायची. ती दारातूनच नाक वर करून सांगायची, "पेटवा काकू, काई नाई."

नात अमरावतीला इंजिनिअरिंग शिकते. एका रविवारी ती एक हिरवी पट्टी, वायरी आणि बोटाएवढा भोंगा घेऊन आली. गॅस सुटला की भोंगा वाजेल, म्हणाली. पट्टीनं काय करायचं ते लॅपटॉपवर लिहून द्यावं लागतं. तिनं लिहिलं, तर खाली लाल अक्षरांची रांग.

"एवढ्या चुका?"

"साऱ्या चुका नसते आजी. वरची पहिली पाहाची. एक अर्धविराम सुटला का थे खालच्या ओळींवरही बोंबलते."

अर्धविराम टाकला. रांग गेली, एक ओळ उरली.

"आता काय म्हणते?"

"भोंगा कोन, मले मालूम नाई म्हणते. वर सांगाचं रायलं. थांब, ही भोंगा वाजवाची ओळ बंद करून बाकीचं चालते का पाहतो."

ओळीआधी दोन तिरप्या रेघा मारल्या. लाल गेलं. लायटरचा गॅस सोडला तर लॅपटॉपवर आकडे चढले. ती टाळी वाजवून उठली. बसची वेळ झाली होती. सगळं एका डबीत बसवून डबी ओट्याखाली ठोकली, हिरवा दिवा लागला, ती गेली. रेघा तशाच राहिल्या.

मी शेजारणीला हाक मारणं सोडलं. दिवा सदा हिरवा. डबी कधी कुरकुरली नाही, हेच मला खटकायचं. माझं नाक मेलं तेव्हाही असंच होतं. सगळं ठीकच वाटायचं.

एका दुपारी दूध उतू गेलं आणि शेगडी विझली. मी पुढच्या खोलीत भाजी निवडत होते. शेजारीण दार ढकलून ओरडली, "काकू, लाइटचं बटन दाबू नका! गॅस भरला घरात! तुमची डबी काहून बोंबलत नाई?"

तिनं रेग्युलेटर बंद केला, मी खिडक्या उघडल्या. दिवा हिरवाच.

नातीला फोन करून सांगितलं. ती रडतच म्हणाली, "आजी, थे ओळ..."

"रडू नको. ये आन् नीट कर."

ती आली. रेघा पुसल्या, लाल अक्षरं परत आली, या वेळी तिनं ती नीट वाचली आणि भोंगा कोण ते वर लिहिलं. मग लायटर धरला आणि भोंगा कान फाटेस्तोवर वाजला.

तरी मी शेजारणीला हाक मारते.

"आता डबी हाय ना काकू?"

"हाय. तू नाक लाव."