न मागितलेली माघार

कॉलेजात माझं नाव घालायला आम्ही लांज्याहून एसटीनं निघालो, तेव्हा अर्धी वाडी पोचवायला आली होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आमच्याकडचे पुरुष मुंबईला जायचे, पण मुलीनं एकटीनं रत्नागिरीत राहून शिकायचं हे नवीन होतं. पुढे ट्रंक घेतलेले वडील, मागे आई आणि मी.

कॉलेजची ती जुनी इमारत जांभ्या दगडाची. खाली ऑफिस, वर वर्ग. तास सुटला की वरच्या लाकडी फळ्यांमधून धूळ गळायची आणि खालचे कारकून चहाच्या कपावर हात धरायचे. हे अर्थात मला नंतर कळलं. त्या दिवशी पायऱ्यांपाशी वडील थांबले, चपला काढल्या आणि कोपऱ्यात पानाचा विडा ठेवला. एवढी मोठी वास्तू, तिला राखणदार असणारच, असा त्यांचा हिशेब. व्हरांड्यातली शहरी पोरं टकामका बघत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

वडिलांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, ह्ये लेकरू तुज्या पायाशी आनलंय. आडंवाकडं काय आसंल तं दूर कर."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली. मीही पुटपुटले.

"चार बुकं शिकू दे. सोताच्या पायावर हुबी ऱ्हावू दे."

"व्हय म्हाराजा."

आणि ते चपला घालू लागले. परगावी निघालेल्या माणसासाठी आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालतात, त्याचा शेवट ठरलेला असतो: गेल्या वाटेनं सुखरूप माघारी आण. आईनं आठवण केली, "आवो, माघारीचं ऱ्हायलं."

"ऱ्हायलं नाय. मीच मागितलं नाय." वडील तिच्याकडे न बघताच बोलले. "माज्या बापसान माज्यासाठी मागितलान, देवान दिलान. मुंबैसून आलो तो कायमचाच. हिला जाव दे."

आई मटकन पायरीवर बसली आणि रडायला लागली. मी आत जाऊन नाव नोंदवलं.

त्या इमारतीतून मी पदवी घेतली आणि बडोद्याला नोकरीला लागले. लग्न तिकडेच झालं, मुलं 'केम छो' म्हणत वाढली. फोनवर आईचं एकच पालुपद, "कदी येशील गो?" वडील मात्र "बरी हायस ना?" एवढं विचारून मोकळे. मला राग यायचा. बापाला लेकीची आठवण म्हणून येऊ नये? ते गेल्यावर आईनं तिच्या शेवटच्या दिवसांत सांगितलं, सुट्टी संपवून मी परत निघाले की त्यांना जेवण जात नसे.

मध्यंतरी मी कॉलेजात गेले. वर्ग मागच्या नव्या इमारतीत हलवलेत, जुनीत फक्त ऑफिस उरलंय. टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "कुठल्या आपण?" लांज्याकडची, म्हटलं. ती हसून म्हणाली, "बोलण्यावरून वाटत नाही हं." मनाला फार लागलं.

वाडीतल्या माणसांनो, ही आपल्याला विसरली असं तुम्ही म्हणता, ते माझ्या कानावर येतं. तुमच्यासाठी घर म्हणजे परत यायची जागा असेल. माझं घर म्हणजे मला कधीही परत न बोलावणारा एक माणूस होता. तो गेला, आणि आता यायचं तर कुणाकडे, ते मला कळत नाही.