मचूळ पाण्याचं लिक्विड आणि बोर्लीपुढचा कोळीवाडा

नाही हो, पाय भिजवायला नव्हते गेले. समुद्राच्या इतक्या जवळ राहून आले आणि पाण्यात एकदाही उतरले नाही, असं सांगितलं की लोक माझ्याकडं बघतच राहतात. मी गेले होते भांड्याचं लिक्विड घट्ट करायला. आता हसून घ्या, मग पुढं वाचा.

कुसुम माझी धाकटी नणंद. बोर्ली पंचतनवरून खाली उतरलं की समुद्राला लागून एक छोटा कोळीवाडा आहे, तिथं राहते. तिचा नवरा गेला, होडी विकली, लेक लग्न होऊन उरणला गेली. माझाही माणूस जाऊन बरीच वर्षं झाली. तो माणगावच्या बाजारात सुकी मासळी विकायचा. त्याच जागेवर बसून मी आता घरी बनवलेलं भांड्याचं लिक्विड आणि फिनेल विकते. सुरुवातीला गिऱ्हाईक बाटली नाकाला लावून बघायचं, सुकटीचा वास येतोय का म्हणून. मी सांगायचे, "येतो की, त्याचे वेगळे पैसे."

कुसुमलाही हे काम मीच शिकवलं. माझ्याकडं लिक्विड मधासारखं पडतं. तिच्याकडं तेच सामान, तीच रीत, आणि बाटलीत पाणी. तिच्या आजूबाजूला पर्यटकांना राहायला-जेवायला ठेवणारी घरं पुष्कळ झालीत. त्यातल्या मंदाताई तिला म्हणाल्या होत्या, रविवारी येऊन बघते, चांगलं असलं तर आमच्या सगळ्या स्वयंपाकघरांना तुमचंच घेऊ, नाहीतर कंपनीचे कॅन आणू. कुसुमचा फोन आला.

"वहिनी, ह्या येळी जमलं न्हाय तर मी टाळा लावते नि तुझ्याकडंच येते राहायला."

"ये की. पण टीव्हीचा रिमोट माझ्या हातात राहील."

"मग न्हाय येत. तूच ये नि ह्ये काय त्ये बघ."

म्हणून मी पिशवीत लिक्विड घट्ट करायच्या दोन जातीच्या पावडरी भरल्या आणि एस्टी पकडली. नणंद घरात आणून बसवायची हौस कोणाला असते, तुम्हीच सांगा.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते. माणगावहून म्हसळ्याकडं दिवसभर गाड्या आहेत. थेट बोर्लीची मिळाली तर नशीब, नाहीतर म्हसळ्याला उतरून बदलायची. एस्टीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं शंभराच्या नोटेत जाऊन वर वडापाव होतो. पुरुषांनी पूर्ण पैसे द्यावेत आणि खिडकी आम्हाला द्यावी. घाटात वळणं पोटात येतात, ज्यांना त्रास होतो त्यांनी पुढं बसा. मोबाईलची रेंज मधेच जाते. मला तर बरं वाटलं, कुसुमचे फोन थांबले.

कंडक्टर बाई होती. माझी पिशवी पायात लागली तशी म्हणाली, "मावशी, पीठ सांडतंय तुमचं. कसलं आहे?"

"तोंडाला लावायचं. तुला देऊ थोडं?"

"मला कशाला?"

"नको तर नको. तशीही बरी दिसतेस."

ती पुढं तिकिटं फाडायला गेली, पण म्हसळ्याला माझी पिशवी तिनंच खाली उतरवून दिली.

बोर्लीच्या बाजारात थांबून मी कुसुमसाठी भाजी घेतली. मासे तिच्या दारात, पण कोथिंबिरीला ती तरसते. तिथून सहा सीटर रिक्षात दाटीनं बसून खाली उतरायचं. माडांची बाग लागली की वाळूचा रस्ता आणि मग वास. वास म्हणजे बोंबील वाळत घातलेले. शहरातली माणसं इथं नाकाला रुमाल लावतात आणि जेवताना तेच बोंबील दोनदा मागतात.

कुसुमनं ओट्यावर बाटल्या मांडून ठेवल्या होत्या, शाळेतली पोरं उभी करतात तशा. काहींत खाली घट्ट आणि वर पाणी. काहींत सगळंच पाणी. एकीचं बूच उडालेलं.

"हिला काय झालं?"

कुसुम दुसरीकडं बघायला लागली. शेजारची हिराबाई बोंबील उलटे करता करता बोलली, "पेज घातली तिनं. तांदळाची. घट्ट व्हायला."

"भांडी घासायला दिलीस की जेवायला?"

"घट्ट तर झालं व्हतं," कुसुम म्हणाली. "मग आंबलं."

तिला नावं ठेवायला मी मोकळी, पण पेज घालायची कल्पना अगदीच वेडी नव्हती. आपण लिक्विडमध्ये जी पावडर टाकतो ती पण तेच काम करते. पाण्यात फुगते, तिचे लांब लांब धागे एकमेकांत अडकतात, मग पाणी पळत नाही आणि सुगंध, रंग, साबण जिथल्या तिथं राहतो. पेज आंबते, पावडर सहसा आंबत नाही, एवढाच फरक समजा. तरी टिकायचं औषध थोडं घालावंच लागतं.

त्या दिवशी मी माझी नेहमीची पावडर काढली. हात धुवायच्या साबणाला वापरतात ती, माणगावला चमचाभर टाकली की बादली जेलीसारखी थरथरते. इथं टाकली. ढवळलं. काही नाही. आणखी टाकली. पाणी गढूळ झालं आणि तळाशी पांढरं बसलं. कुसुम जुन्या वल्ह्यानं ढवळते. दणादण फेस काढते, वल्हं मारायची सवयच आहे तिला. फेस आला की लिक्विड घट्ट दिसतं, आणि फेस बसला की खरं रूप बाहेर येतं. ते बघून तिचा चेहरा असा पडला की मला चेष्टा सुचेना.

"राहू दे," ती म्हणाली. "माझ्या हाताला न्हाय ह्ये. मी टाळाच लावते."

हिराबाईनं चहा आणून दिला. मी एक घोट घेतला आणि कपाकडं बघत राहिले.

"साखर विसरलीस की मीठ टाकलंस?"

"आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळच व्हतं," हिराबाई म्हणाली. "आमाला तर गोडच लागतं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. भांड्याच्या लिक्विडला स्वस्तात घट्ट करायचं तर मीठ घालतात. थोडं घातलं की घट्ट होत जातं, पण एका हद्दीच्या पुढं मीठ गेलं की उलटं फिरतं आणि पातळ पडतं. मी कुसुमला शिकवलं होतं, बादलीला एक मूठ मीठ. माणगावच्या नळाच्या पाण्यासाठी ते बरोबर. इथं पाणीच मीठ घेऊन येतं, त्यावर हिची मूठ. आणि वल्हं मारलेली ती मूठ माझ्या दीडपट. शिवाय माझी ती जेलीवाली पावडर मिठाला घाबरते. खारट पाण्यात तिचे धागे फुगायच्या ऐवजी आखडून बसतात.

"म्हणजे तुझंच चुकलं," कुसुम म्हणाली.

"माझं नाही, तुझ्या विहिरीचं."

"विहिरीला काय बोलतेस. तिनं न्हाय शिकवलं मला."

दुसरी पावडर लाकडाच्या, कापसाच्या गरापासून काढतात. ती मिठाला जुमानत नाही. पण तिची एक खोड आहे, एकदम ओतली की रुसते. मी सांगायच्या आधीच कुसुमनं वाटीभर पालथी केली. बादलीत पारदर्शक गोळे गोळे तरंगायला लागले, आत कोरडे, बाहेर चिकट.

हिराबाई वाकून बघत म्हणाली, "गाबोळी पडली गं."

माशाच्या पोटातली अंडी दिसतात तसेच होते ते. कितीही ढवळा, फुटायचं नाव नाही. ती बादली गेली. दुसऱ्यांदा मी चहाची गाळणी घेतली, पावडर तिच्यातून भुरभुरवत गेले, आणि कुसुमला हळू ढवळायला लावलं.

"हळू म्हणजे?"

"होडीत नवरी बसलीय असं समज."

ती हसली आणि तिचा हात आपोआप सैल पडला. पाणी रात्रभर तसंच झाकून ठेवलं. साबणाचा लगदा वेगळा विरघळवून सकाळी त्यात मिसळला. मीठ एक कणसुद्धा नाही. ही रीत कोणी करून बघणार असेल तर आधी लहान वाटीत आपल्या पाण्यावर करून बघा. प्रत्येक गावचं पाणी वेगळं असतं, आणि ते आपल्याला सांगायला येत नाही.

मधल्या वेळेत जेवलो. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, ओल्या बोंबलाचं कालवण. तुम्ही आलात तर मंदाताईंसारख्यांच्या घरी जेवणाची सोय होते. ताटाचा भाव मासळीवर ठरतो, पापलेट मागितलंत तर खिसा सांभाळा, बोंबील-मांदेलीवर राहिलात तर पोट आणि पाकीट दोन्ही खूष. जेवण मात्र सकाळीच सांगून ठेवा. दुपारी येऊन "काय आहे?" विचाराल तर डाळ आहे.

रविवारी सकाळी दोन बाटल्या भरल्या. एक सावलीत ठेवली, एक बोंबील वाळवायच्या बांबूंना बांधून उन्हात टांगली. हॉटेलांचं सामान उन्हात पडून असतं, आणि तापलं की पातळ होतंच, ते किती होतं ते बघायचं होतं. सूर्य वर आला तशी मी ती बाटली उलटी धरली. आतला हवेचा बुडबुडा वर जायला लागला. पातळ असलं तर तो सुसाट सुटतो. मी, कुसुम आणि हिराबाई तिघी त्या बुडबुड्याकडं बघत होतो. तो सावकाश, दमादमानं, वर चढला. समोर समुद्र होता, मुंबईची माणसं घोड्यावर बसून फोटो काढत होती. आमच्यापैकी एकीनंही तिकडं पाहिलं नाही.

मंदाताई स्कूटरवरून आल्या. बाटली हलवून झाली, वास घेऊन झाला.

"रंग हिरवा का नाही?"

"तुमची भांडी हिरवी आहेत का?" मी विचारलं.

"वहिनी, गप," कुसुम म्हणाली. मग मंदाताईंना, "हिरवा घालते, पण आधी घासून बघा."

मंदाताईंच्या डिकीत मासे तळलेली कढई होतीच, त्या परीक्षा घ्यायलाच आल्या होत्या. कुसुमनं थेंबभर घेतलं, काथ्यावर पसरलं. लिक्विड काथ्यावर टिकलं, वाहून गेलं नाही. कढई लख्ख निघाली. मंदाताईंनी ती नाकाला लावली, आत बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, "पुढच्या शनिवार-रविवारला लागेल. गर्दी आहे. देशील ना?"

कुसुम "व्हय" म्हणाली. एवढंच. पण आत जाऊन तिनं पदर तोंडाला लावला, हे मला दिसलं.

परतीची गाडी दुपारी पकडा, संध्याकाळी उशिरा निघालात तर स्टँडवर डासांशी गप्पा माराव्या लागतील. कुसुम बोर्लीपर्यंत सोडायला आली. सोबत सुकट बांधून दिली, बसमधली सगळी माणसं माझ्यापासून सरकून बसली, ऐसपैस आले.

आता घरी येऊन महिना झाला. कुसुमचं लिक्विड सगळ्या स्वयंपाकघरांत चाललंय. तिला हाताखाली हिराबाईची सून घ्यावी लागली. रोज फोन करते, बादल्यांचं सांगते, मग म्हणते, "चल, ठेवते, काम हाय." पूर्वी तासभर बोलायची. प्रवासातून काय आणलंत असं विचाराल तर सुकट संपली, आणि मीठ मी आता मूठ न भरता चमच्यानं घालते.

आणि एक राहिलं. माणगावहून निघायच्या आदल्या दिवशी मी माझ्या घरातली मागची खोली कुसुमसाठी झाडली होती. खाटेवर नवी गादी घातली होती, खिडकीला पडदा लावला होता. पहिली बादली फसली तेव्हा कुसुमचा चेहरा पडला आणि मला आतून बरं वाटलं. आणि चहाच्या पहिल्या घोटालाच मला खरं तर सगळं कळलं होतं; कपाकडं बघत राहिले ते विचार करत नव्हते, पाण्यातल्या मिठाचं तिला सांगू की नको ते ठरवत होते. मला एकटीनं जेवायचा कंटाळा आलाय. तिचं लिक्विड पातळच राहावं, असं मला वाटत होतं.