मावशीचं अ‍ॅब्सोल्यूटली

माझ्या मावशीला ऑफिसात कुणी नावाने हाक मारत नाही. तिथे ती अ‍ॅब्सोल्यूटली मॅडम. मला या नावाचा मनापासून राग आहे, आणि तो का, हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

परदेशात कुणाचं कपडे धुण्याचं मशीन बिघडलं की त्याचा फोन मावशीच्या कानात वाजतो. तो माणूस तिकडे ओल्या फरशीवर उभा राहून तोंडाला येईल ते बोलतो आणि इकडे मावशीने गोड आवाजात म्हणायचं, ‘आय कम्प्लीटली अंडरस्टँड.’ नुसतं ‘अंडरस्टँड’ चालत नाही. कॉम्प्युटर शब्दन् शब्द ऐकत असतो. कम्प्लीटली, टोटली, परफेक्टली असं काही तोंडातून गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा दिवा लागतो. ‘येस’ म्हटलं तर लागत नाही, तिथे ‘अ‍ॅब्सोल्यूटली’च हवं. ‘व्हेरी’लाही लागत नाही, कारण ज्याला खरंच काही वाटतं तो ‘व्हेरी’वर थांबत नाही, असं कंपनीचं मत. ‘अटरली’ मात्र जपून. पाणी झिरपून खालच्या घराचं छत गळायला लागलं तरच, आणि तेही टीम लीडरला विचारून. दिवे कमी पडले की दुसऱ्या दिवशी हा टीम लीडर आपल्या शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि प्रत्येक फोन ऐकतो.

मावशीच्या शेजारी तो कधी बसला नाही. तिचा आवाजच तसा होता. त्या आवाजात ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ ऐकलं की चिडलेला माणूससुद्धा मऊ पडायचा.

पण शब्द काही हेडफोनसारखे टेबलावर काढून ठेवून घरी येता येत नाही. काकांनी विचारलं, ‘चहा टाकतेस?’ तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली.’ ‘दूध संपलं?’ ‘टोटली.’ काका हसायचे. म्हणायचे, ‘आपल्या घरात अर्धवट काही राहिलंच नाही बघ. माझा धंदासुद्धा पूर्ण बसला.’ तो बसला होता हे खरं होतं. घर मावशीच्याच पगारावर चालायचं, आणि शिकायला म्हणून तिच्याकडे राहणारी मीही त्यावरच.

मग तिचा घसा धरला. काढे झाले, वाफा झाल्या, फरक पडेना. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि स्वच्छ सांगितलं, ‘आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात. बोलायचं काम सोडा, नाहीतर आवाज जाईल आणि परत येणार नाही.’

नोकरी सोडणं शक्यच नव्हतं. वरच्या मजल्यावर एक विभाग होता, तिथे फक्त टाइप करून उत्तरं द्यायची. मावशीने बदली मागितली. टीम लीडर आढेवेढे घेत होता. हातची चांगली बाई कोण सोडेल? शेवटी प्रकरण परदेशातल्या मुख्य ऑफिसात गेलं आणि तिथली एक मोठी अधिकारी फोनवर बोलणार असं ठरलं.

आदल्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरात तयारी केली. मी अधिकारीण झाले. ‘तुम्हाला हे काम पुढे जमेल का?’ मावशीने कणीक तिंबता तिंबता उत्तर द्यायचं, ‘नो. आय कॅनॉट.’ पहिल्यांदा ते तिच्या तोंडून निघेचना. ‘फार तुटक वाटतं गं,’ ती म्हणाली. मी वैतागले. ‘अगं, तुटकच हवंय ते. तुझ्या घशाचा प्रश्न आहे.’ मग जमलं. काकांनी ओट्याशी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तिला काचेच्या केबिनमध्ये बसवलं आणि रोजचाच हेडफोन कानाला लावला. पलीकडून बाई अगदी आपुलकीने बोलल्या. तब्येतीची चौकशी केली. म्हणाल्या, ‘तुमचा आवाज तर किती छान येतोय. अजून थोडे महिने हे काम सांभाळाल ना?’

मावशी म्हणाली, ‘अ‍ॅब्सोल्यूटली.’

तिने मला हे सांगितलं तेव्हा ती पलंगाच्या कडेला पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ‘कानात आवाज आला आणि तोंड आपोआप उघडलं,’ म्हणाली. ‘मी लगेच सांगायला गेले, नाही नाही म्हणून. तोवर त्यांनी वंडरफुल म्हणून फोन ठेवलासुद्धा.’ ती तशीच टीम लीडरकडे गेली होती. चुकून बोलले, असं तिने सांगितलं. तो म्हणाला, ‘मॅडम, चुकून कुणी इतकं छान बोलतं का?’ बदलीचा अर्ज बंद झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण करणार काय? काका त्या दिवशी एकही विनोद न करता जेवले.

तेव्हापासून ती आवाज पुरवून पुरवून वापरते. घरी नुसती कुजबुज, ऑफिसात घंटेसारखा स्वर. आम्हाला बोलवायचं तर वाटीवर चमचा वाजवते. तिचा आवाज आता आम्हाला मिळत नाही, मशीनवाल्यांना मिळतो. आणि तोही किती दिवस मिळणार, म्हणून माझं शिक्षण आटोपताच मीही तिथेच चिकटले. घरात दुसरं कोण होतं?

पहिल्या दिवशी आम्हा नवशिक्यांना एका खोलीत बसवलं. ‘अ‍ॅब्सोल्यूटली कसं म्हणायचं ते ऐका,’ असं म्हणून टीम लीडरने रेकॉर्डिंग लावलं. किती छान येतोय तुमचा आवाज, अजून थोडे महिने हे काम सांभाळाल ना, असं एक बाई विचारत होती. मग मावशी. गोड, भरलेला, कुठे खोट नसलेला स्वर. ‘ऐकलंत?’ तो म्हणाला. ‘क्षणाचाही विचार नाही.’ त्याने ते पुन्हा लावलं, आणि सगळ्यांकडून म्हणून घेतलं. मीही म्हटलं.

संध्याकाळी मावशी भाजी निवडत माझी वाट पाहत होती. ‘काय शिकवलं?’ तिने कुजबुजत विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. ‘तुझंच रेकॉर्डिंग लावलं. त्या दिवसाचं.’

तिचा हात थांबला. आता ही रडणार, असं मला वाटलं. पण तिने मान वर करून विचारलं, ‘चांगलं आलंय का गं?’

‘खूप छान आलंय, मावशी,’ मी म्हटलं.

‘खूप नाही म्हणायचं,’ ती कुजबुजली. ‘त्याला दिवा लागत नाही.’