अकरा एकांचे एक्के सर

आचऱ्यात त्यांना बाप्तिस्म्याच्या नावाने फक्त पाद्री हाक मारत. बाकी सगळ्यांचे ते ‘एक्के सर’. कारण अकरा वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचं त्यांना वेड होतं. “अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा!” हे ते असं म्हणत, की पंगतीला कोणकोण आलंय ते सांगताहेत असं वाटे.

खरं तर हे वेड मीच लावलं. सात एकांच्या संख्येला दोनशे एकोणचाळीसने भाग जातो, हे सरांनी आम्हाला नववीत फळ्यावर करून दाखवलं. “मग अकरा एकांक कोणाचो भाग जाता?” मी विचारलं. सरांनी प्रश्न वहीत लिहून ठेवला, तो निवृत्त होईपर्यंत. मग शाळेने टाकून दिलेला फळा त्यांनी आपल्या पडवीत टांगला. शेवटचा अंक एक, म्हणजे दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज अकरा, म्हणजे तीन बाद. पुढे एकेक मूळ संख्या घेऊन, सकाळची पेज झाली की, हाताने भागाकार.

शेजारीण म्हणून मी एकदा म्हटलं, “सर, मोबाईलात बघू काय?”

“दुसऱ्यान चावन दिल्लो मासो तू खातंस काय गो?”

मासे विकायला येणारी शेवंता पाटी उतरवायच्या आधीच विचारी, “सर, गेलो काय भाग?”

“नाय गो. बाकी उरली.”

“मगे बांगडे घेवा.” बाकी उरली की सर बांगडे जास्त घेतात, हे तिने बरोबर हेरलं होतं. घरात खाणारे ते एकटेच. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मग काचबिंदूने घात केला. फळ्यावरचे अंक सरांना दिसेनात. मुलगी लिरा त्यांना म्हापशाला न्यायला आली. तिने उत्तर मोबाईलवर शोधून ठेवलं होतं. चुलीपाशी मला हळूच म्हणाली, “एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. अगदी जवळ पोचलेत गो. सांगू काय पपांका?”

“नको. थोडे दिस रव.”

तेव्हापासून खडू माझ्या हातात आणि सर आरामखुर्चीत. आकडा तेच सांगत, आणि न बघता माझी चूक पकडत. “हातचो! हातचो खंय गेलो?” शाळेत एवढी बोलणी मी खाल्ली नव्हती.

शेवटी एका सकाळी सर म्हणाले, “एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास.” मी एकेक अंक मोठ्याने म्हणत भागाकाराच्या तळाशी आले.

“बाकी?”

“शून्य, सर.”

“परत कर.”

परत केलं. शून्यच. सरांच्या डोळ्यांना धार लागली. “म्हणजे बापडो एकलो नाय होतो,” ते म्हणाले. मग हसले. “तुका आधीच ठावक होता, मां?”

“तुमका कसा कळला?”

“आज तुझो एक पण हातचो चुकलो नाय.”

निघताना गाडीत बसून त्यांनी मला बजावलं, “आता एकोणीस एक. कोणाक विचारू नको हां!” त्यानंतर सर आचऱ्याला आलेच नाहीत. मागच्या वर्षी म्हापशातच गेले. मला त्यांची फार आठवण येते.

फळा आता माझ्या पडवीत आहे. एकोणीस एकांचा भागाकार चालू आहे. मी कोणाला विचारलेलं नाही, सरांनी एकोणीसच का सांगितले तेही नाही. शेवंता पाटी उतरवायच्या आधी विचारते, “बाय, गेलो काय भाग?”

“नाय गो. बाकी उरली.”

आणि मी बांगडे जास्तच घेते.