माणशी दोन फुगे

लढाईच्या काळातला नाताळ करायचा, ही कल्पना माझ्या मुलीची. ती शारजाला जन्मली, दुबईत नोकरी करते आणि आयुष्यात कधी रांगेत उभं राहून तिने साखर आणलेली नाही. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रजांच्या नाताळाचं तिला फार कौतुक. जुन्या पद्धतीचे फ्रॉक, वर्तमानपत्राच्या साखळ्या, ब्लॅकआऊट म्हणून खिडक्यांना काळा कागद. "अँड एव्हरीवन गेट्स अ रेशन कार्ड, मम्मा," ती म्हणाली.

एवढं ऐकलं आणि मी हो म्हणून टाकलं. नवऱ्याने मोबाईलवरून मान वर केली. मी इतक्या पटकन कशालाच हो म्हणत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

खरं कारण सांगते. आमच्या वसईकडे नाताळात फुगे लागतात. आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, विंदालूबरोबर खायचे. पीठ हाताने फेटफेट फेटायचं, मग मुठीतून पिळून एकेक गोळा तेलात सोडायचा. शारजातल्या अल नहदाच्या या फ्लॅटमध्ये अठरा वर्षं मी पंचवीस माणसांसाठी अडीचशे फुगे करत आले. गेल्या नाताळापासून माझं उजवं मनगट संपावर गेलं होतं. ते कुणाला सांगायची मला लाज वाटत होती, आणि दुबईतल्या करामाहून येणाऱ्या मोठ्या जाऊबाईंना तर कळताच कामा नये. त्या दर वर्षी पहिला फुगा तोडतात, डोळे मिटून चावतात आणि म्हणतात, "मीठ जरा कमी आहे." मग घरी न्यायला डबा पुढे करतात. माझ्या मनगटाचा सुगावा लागला असता तर फुग्यांची गादी सरळ त्यांच्याकडे गेली असती.

रेशनवर माणशी दोन, म्हणजे फक्त पन्नास फुगे. तेवढं पीठ मी स्वयंपाकघराचं दार लावून मिक्सरवर फिरवलं. देवाने पाहिलं असेल, पण त्याचं माझं आम्ही बघून घेऊ.

रविवारी दुपारी मुलीने खिडक्यांना काळा कागद लावला. थोड्या वेळाने वॉचमन दारात. "मॅडम, घर में कोई गुजर गया क्या?" त्याने फार हळू आवाजात विचारलं. मी त्याला केक देऊन पाठवलं.

पाहुणे आले. बायका ठिपक्यांच्या फ्रॉकमध्ये, पुरुष पॅन्टला खांद्यावरून पट्टे लावून. मुलीने प्रत्येकाच्या हातात तपकिरी कार्ड दिलं. लोक हसतील, फोटो काढतील, असं तिला वाटलं होतं. पण आमच्या पिढीच्या हातात कित्येक वर्षांनी रेशन कार्ड पडलं होतं. एका बाईने आपली पर्स स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, "हा माझा नंबर." आणि सोफ्यावर जाऊन बसली. पर्सच्या मागे एक चप्पल आली. चपलेमागे गाडीची किल्ली. बघता बघता रांग हॉलभर गेली. एकीचं म्हणणं, "मिस्टर रुवैसला रिफायनरीत ड्युटीवर आहेत, त्यांचं पण कार्ड द्या ना."

मी दारात टेबल आडवं लावून बसले होते, हातात बटाटा कोरून केलेला शिक्का. लहानपणी पामतेलासाठी आमच्या गावच्या रेशनवाल्यासमोर मी तासन्‌तास उभी राहिलेय. त्याचा आवाज माझ्या तोंडून आपोआप यायला लागला. "गेलेल्या माणसाचा कोटा मिळत नाही. पुढे चला. हबीबी, धक्काबुक्की नको. माल संपला तर उद्या या." इतकी मजा मला अडीचशे फुगे तळताना कधी आली नव्हती.

"मम्मा, धिस इज नॉट द थीम," मुलगी कानाशी म्हणाली.

"हीच थीम आहे," मी म्हटलं आणि शिक्का मारला.

मग अचानक गिऱ्हाईक आटलं. पर्स गेली, चप्पल गेली. माझ्या ताटात सोळा फुगे उरले आणि समोर कुणी नाही. आमच्या बेडरूममधून मात्र हसण्याचा आवाज येत होता. मी उठून गेले. माझ्याच पलंगावर जाऊबाई बसल्या होत्या. मांडीवर घरून भरून आणलेला मोठा स्टीलचा डबा, त्यात काठोकाठ फुगे. कार्ड न बघता प्रत्येकाला चार-चार वाटत होत्या.

"हा काय काळाबाजार?" मी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"लढाईत चालायचंच," त्या म्हणाल्या. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "गेल्या वर्षी फुगे सोडताना तू तीनदा हात बदललास. मी बघत होते."

मला राग आला, आणि रागाच्या मागोमाग डोळ्यांत पाणी. "मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले. तू तर सांगायच्या ऐवजी महायुद्ध पुकारलंस." त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं. "आता लाईनीत उभी राहा. मधे घुसायचं नाही."

मी पर्सवाल्या बाईच्या मागे जाऊन उभी राहिले. नंबर आल्यावर जाऊबाईंनी एक फुगा माझ्या डाव्या हातावर ठेवला. मी तोडला, डोळे मिटले आणि चावला. हलका, जाळीदार, मीठ अगदी बरोबर.

"मीठ जरा कमी आहे," मी म्हटलं, आणि डबा पुढे केला.